डिग्री उतरली म्हणून पाणी घातले? एका दूध संस्थेतील चौकशीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावच्या दूध संस्थेचे आहे. गाव, संस्था आणि माणसे ओळखू येतील असे सर्व तपशील गाळले किंवा बदलले आहेत. संस्थेचे बहुतेक उत्पादक मराठी बोलणारे असून इतिवृत्त आणि रोजची नोंदवही मराठीत लिहिली जाते. संस्था ज्याला दूध पुरवते त्या दूध संघाची पत्रे कन्नडमध्ये येतात आणि सचिव ती वाचून त्यांचा आशय मासिक बैठकीत मराठीत सांगतात. या व्यवस्थेत कोणाला कधी काही वावगे वाटले नव्हते. पुढे एका पत्रातील एका क्रियापदावर बरेच काही अडले, म्हणून ती येथे सांगून ठेवतो.

दुधाचा दर दोन आकड्यांवर ठरतो. एक फॅट आणि दुसरा ‘डिग्री’, म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसणारा आकडा. ३० डिग्री याचा अर्थ त्या दुधाची घनता पाण्याच्या १.०३० पट आहे. या दोन आकड्यांवरून फॅट वगळता उरलेल्या घन पदार्थांचे, म्हणजे एसएनएफचे, प्रमाण सूत्राने काढतात. दुधातील साखर, प्रथिने आणि क्षार यांच्यामुळे दूध पाण्याहून जड होते. फॅट मात्र पाण्याहून हलके असल्याने डिग्री खाली ओढते. दुधात पाणी घातले की सगळेच पातळ होते आणि डिग्री उतरते. हे शेवटचे वाक्य दूध संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. ते पूर्णपणे खरे आहे, आणि तरीही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक त्याच वाक्याचा हात धरून झाली.

प्रश्न कसा उभा राहिला

मार्च महिन्यात, संस्थेपासून दोन घरे सोडून राहणाऱ्या एका महिला उत्पादकाच्या दुधाची डिग्री उतरली. गावात सर्व जण त्यांना अक्का म्हणतात; येथेही तसेच म्हणू. त्यांच्याकडे एक म्हैस आणि एक संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय होती आणि दोन्हींचे दूध त्या एकत्रच घालत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सकाळचे दूध ९ लिटर, फॅट ५.६ आणि डिग्री ३० असे येई. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते ६ लिटर, फॅट ३.७ आणि डिग्री २५ असे येऊ लागले. सचिवांनी नोंदवहीतील शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने एकच शब्द लिहिला: ‘पाणी’. सलग सहा दिवस तो शब्द त्या रकान्यात एकाखाली एक उमटत गेला.

त्याच सुमारास संस्थेच्या एकत्रित दुधाचे एसएनएफ घसरल्याचे संघाचे पत्र आले. पत्रात ‘नीरु बेरेतिरबहुदु’ असे शब्द होते, म्हणजे ‘पाणी मिसळले गेले असू शकेल’. बैठकीत आशय सांगताना त्याचे ‘पाणी मिसळलंय असं संघानं कळवलंय’ असे झाले. सचिवांचा हेतू वाईट नव्हता. कन्नडमध्ये शक्यता क्रियापदाच्या शेपटीला, ‘बहुदु’ या प्रत्ययात, दडलेली असते. घाईने तात्पर्य सांगणाऱ्याच्या हातून नेमकी तीच निसटते. चेअरमननी आपला अनुभव जोडला: गेल्या चार वर्षांत तिघांची डिग्री अशीच उतरली होती आणि तिन्ही वेळा पाणीच निघाले होते. अक्कांचे दहा दिवसांचे बिल रोखले गेले आणि त्यांचे दूध घेणे बंद करण्याचा ठराव मांडला गेला. दोन संचालकांनी आधी चौकशी करा असा आग्रह धरला, तेव्हा तिघांची समिती नेमली गेली: जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले एक पर्यवेक्षक, कन्नड प्राथमिक शाळेत शिकवणारे एक संचालक आणि हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मी.

युक्तिवाद सुटे केले

पहिल्या दिवशी आम्ही अक्कांकडे गेलो नाही आणि दुधालाही हात लावला नाही. बैठकीत जे बोलले गेले ते कागदावर वाक्यावाक्याने उतरवले आणि कोणते वाक्य कशाच्या आधारावर उभे आहे ते पाहिले. ‘पाणी आहे’ हा एकच निष्कर्ष तीन वेगळ्या जातींच्या तर्कांनी काढला गेला होता. तिन्ही एका आवाजात बोलले गेल्यामुळे ते एकमेकांना बळकटी देत असल्याचा भास झाला होता.

पहिला तर्क असा: पाणी घातले की डिग्री उतरते, डिग्री उतरली आहे, म्हणून पाणी घातले आहे. याचा डौल निगमनाचा आहे. निगमनात आधारविधाने खरी असतील तर निष्कर्ष खोटा असूच शकत नाही. ‘पाणी घातले की डिग्री उतरते’ या संकेतार्थी विधानाचे ‘पाणी घातले’ हे पूर्वांग आणि ‘डिग्री उतरते’ हे उत्तरांग. पूर्वांग खरे धरले तर उत्तरांग निश्चित हाती येते. उत्तरांग खोटे ठरले तर पूर्वांगही निश्चितपणे खोटे ठरते, म्हणजे डिग्री उतरलीच नसेल आणि बाकी काही बदलले नसेल तर पाणी घातलेले नाही. पण उत्तरांग खरे आहे एवढ्यावरून पूर्वांगाविषयी निश्चित असे काहीच मिळत नाही. पाऊस पडला की अंगण ओले होते. म्हणून ओले अंगण दिसले की पाऊस पडला असे कोणी म्हणत नाही, कारण सकाळी सडा घातला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. दुधाच्या बाबतीत ‘सडा’ कोणता, हे ठाऊक नसल्यामुळे तोच सदोष आकार निर्दोष वाटला.

दुसरा तर्क चेअरमनचा, विगमनाचा. पाहिलेल्या काही उदाहरणांवरून न पाहिलेल्या उदाहरणाविषयी बोलणे हे विगमन. त्याचा निष्कर्ष कधीच पूर्ण निश्चित नसतो, फक्त कमी-अधिक बळकट असतो, आणि हे बळ उदाहरणे किती, किती विविध आणि कशी निवडलेली यांवर ठरते. तीन उदाहरणे हा पाया लहानच होता. त्यातही ती तपासली कशी गेली होती, हा प्रश्न आम्ही कागदाच्या कडेला लिहून ठेवला. त्याचे उत्तर पुढे येईल.

तिसरा आधार संघाच्या पत्राचा. आपल्या परंपरेत आप्तवाक्य, म्हणजे विश्वासार्ह जाणकाराचे वचन, हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे, आणि प्रयोगशाळा असलेल्या संघाच्या शब्दाला वजन असणे रास्त आहे. पण ते वजन आप्ताने जेवढे म्हटले तेवढ्यालाच असते. आमच्यातील कन्नड शिक्षकांनी पत्र पुन्हा वाचले, ‘बेरेतिरबहुदु’वर बोट ठेवले, आणि संघाने पाण्याची केवळ शक्यता वर्तवली आहे, अक्कांचे तर नावही घेतलेले नाही, हे स्पष्ट केले. मग एक साधा हिशेब मांडला. सकाळचे संकलन सुमारे २०० लिटर. त्यात ६ लिटर दूध ३० ऐवजी २५ डिग्रीचे आले तर सरासरी ०.१५ डिग्रीने उतरते, जी लॅक्टोमीटरवर डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणजे संघाला दिसलेली घसरण अक्कांच्या दुधाने झालेली असणे शक्यच नव्हते. दोन स्वतंत्र गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या आणि आम्ही त्यांची गाठ मारली होती.

प्रत्यक्षात संस्थेने जो तर्क केला होता त्याची जात चौथीच होती. दिसलेल्या गोष्टीचे कारण काय असावे, असा मागे जाणारा हा तर्क. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १८७८ मध्ये निगमन, विगमन आणि हा तिसरा तर्क एकाच अनुमानाची पदे फिरवून वेगळे करून दाखवले. पुढे त्यांनीच त्याला ॲबडक्शन हे नाव रूढ केले. त्यांची रीत आमच्या प्रकरणाला लावली ती अशी. नियम: पाणी घातलेल्या दुधाची डिग्री उतरते. प्रकरण: या दुधात पाणी घातले आहे. फल: या दुधाची डिग्री उतरली आहे. नियम आणि प्रकरण यांवरून फलाकडे जाणे हे निगमन. प्रकरण आणि फल यांच्या अनेक जोड्या पाहून नियमाकडे जाणे हे विगमन. नियम आणि फल हाती धरून प्रकरणाकडे जाणे हे ॲबडक्शन. हा तिसरा तर्क चुकीचा नाही. डॉक्टर, मेकॅनिक, पोलीस सगळे त्यावरच जगतात. पण त्यातून मिळतो तो तपासण्याजोगा अंदाज. निकाल मिळत नाही. संस्थेने अंदाज केला, इथवर काही बिघडले नव्हते. बिघडले ते त्या अंदाजाला निगमनाची निश्चिती चिकटवून बिल रोखले तेव्हा.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि प्रमाणे यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, या गोष्टीची फार नेमकी चर्चा आहे, आणि ती आमच्या भागातल्या माणसाला चटकन उमगते. वात्स्यायनांनी न्यायसूत्रावरील भाष्यात शेषवत् अनुमानाचे, म्हणजे कार्यावरून कारण ओळखण्याचे, उदाहरण नदीचे दिले आहे: फुगलेली नदी पाहून वर पाऊस झाला हे कळते. खानापुरात मलप्रभेचे पाणी चढले की वर उगमाजवळच्या कणकुंबीकडे पाऊस कोसळतो आहे, असे आपणही म्हणतोच. पण न्यायसूत्रातच यावर आक्षेप नोंदवला आहे की नदी अडवल्यामुळेही पाणी फुगू शकते, मग हे अनुमान प्रमाण कसे? त्यावरचे उत्तर मला आजही थक्क करते. नुसते फुगलेले पाणी हा हेतू, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, नव्हेच. वेगवान प्रवाह, फेस, वाहून येणारी पाने, फळे आणि लाकडे यांसह फुगलेले पाणी हा हेतू आहे, आणि बांध घातल्याने फुगलेल्या पाण्यात हे काही नसते. अनेक कारणांशी जुळणाऱ्या हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. उतरलेली डिग्री हा असाच सव्यभिचार हेतू होता. आमचे काम म्हणजे दुधातला फेस आणि पाने शोधणे, पाणी असेल तरच दिसेल आणि इतर कारणांनी दिसणार नाही असे काही शोधणे.

येथे नावांच्या गोंधळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यात आमची एक संध्याकाळ गेली. मी अहवालाच्या मसुद्यात ‘निगमन’ आणि ‘विगमन’ लिहिले. ज्यांनी मराठीतून डी.एड. केले आहे त्यांना हेच अध्यापन पद्धतींच्या नावांत ‘अवगामी’ आणि ‘उद्गामी’ म्हणून माहीत असते. कन्नडमध्ये निगमन हा शब्द आपल्यासारखाच, पण विगमनाला ‘अनुगमन’. न्यायातील पंचावयवी वाक्यात तर ‘निगमन’ हे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण आणि उपनय यांच्यानंतर येणाऱ्या पाचव्या अवयवाचे, समारोपाच्या वाक्याचे, नाव आहे. शेवटी अहवालात आम्ही साधे शब्द वापरले: ‘नक्की ठरणारे’, ‘बहुधा ठरणारे’ आणि ‘तपासायचे’. सभासदांना ते लगेच कळले.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय ठराव मंजूर करून दूध बंद करण्याचा. संस्थेच्या दृष्टीने तो सर्वांत स्वस्त होता आणि दुधात खरेच पाणी असते तर योग्यही ठरला असता. दुसरा ताकीद देऊन प्रकरण मिटवण्याचा. बहुतेकांचा कल इकडे होता. मला तो सर्वांत वाईट वाटला, कारण त्यात पाणी घातले असेल तर शिक्षा नाही आणि घातले नसेल तर कलंक कायमचा. तिसरा, नमुना संघाच्या प्रयोगशाळेत पाठवून गोठणबिंदू तपासून घेण्याचा. चौथा, गोठ्यात समोर धार काढून त्याच दुधाची डिग्री पाहण्याचा.

तिसऱ्या पर्यायाचे बळ समजून घेण्यासारखे आहे. शुद्ध दूध साधारण उणे ०.५२ ते उणे ०.५५ अंश सेल्सिअसला गोठते, कारण त्यात विरघळलेली साखर आणि क्षार यांचा मेळ रक्ताशी साधलेला असतो आणि जनावराचे शरीर तो सहसा ढळू देत नाही. पाणी मिसळले की गोठणबिंदू शून्याकडे सरकतो. चारा, जात किंवा ऋतू यांनी डिग्री जेवढी हलते त्या मानाने गोठणबिंदू फारच थोडा हलतो. म्हणून तो ‘फेसाळ पुरा’सारखा हेतू आहे. हे ज्ञान अर्थात असंख्य नमुन्यांच्या तपासणीतून, म्हणजे विगमनानेच, आलेले आहे. आम्ही त्यावर जे निगमन उभे करणार होतो त्याची निश्चिती या पायापेक्षा जास्त असू शकत नव्हती, आणि अहवालात आम्ही तसे लिहिले.

चौथा पर्याय सर्वांत सोपा असूनही बैठकीत कोणी सुचवला नव्हता. ‘डिग्री उतरली की पाणी असतेच’ हे सार्वत्रिक विधान आहे आणि सार्वत्रिक विधान पाडायला एक उलट उदाहरण पुरते. समोर काढलेल्या, पाण्याचा स्पर्श नसलेल्या दुधाची डिग्री कमी भरली तर त्याच क्षणी ते विधान कोसळते. आम्ही चौथा पर्याय आधी आणि तिसरा त्याच दिवशी, असे ठरवले.

काय केले

धार पाहायला न कळवता जावे की कळवून, यावर समितीत मतभेद झाला. न कळवता गेलो तर फेरफाराला वाव नाही. पण पर्यवेक्षक म्हणाले की परकी माणसे अचानक गोठ्यात शिरली तर गाय पान्हा चोरते, आणि दूध पुरते निघाले नाही तर शेवटचे, जास्त फॅटचे दूध कासेतच राहून आकडे बदलतात. म्हणून पहाटे न कळवता जायचे, पण धार अक्कांनीच काढायची आणि आम्ही दाराशी थांबायचे, असा मध्य काढला. बादली आधी उपडी करून, कोरडी पुसून घेतली.

गोठ्यात म्हैस होती, पण दावणीला नुसती उभी. धार फक्त गाईची निघाली. मी कारण विचारले तेव्हा अक्का म्हणाल्या, “म्हस आटलीया की ओ सर, महिना होत आला. कुणी इचारलंच न्हाई.” सहा दिवस लाल शेरे पडले, बैठक झाली, बिल रोखले गेले, आणि एवढ्या सर्वांत अक्कांना एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. फॅट ५.६ वरून ३.७ वर का आले आणि दूध ९ लिटरवरून ६ लिटरवर का आले, याचे उत्तर त्या एका वाक्यात होते.

तेथेच उभ्या उभ्या आणखी एक हिशेब सुचला, जो खरे तर नोंदवही पाहूनच करता आला असता. डिग्री ३० वरून २५ वर केवळ पाण्याने आली असेल तर दुधात सहावा हिस्सा पाणी हवे. मग फॅटही सहाव्या हिश्श्यानेच कमी होऊन ४.७ च्या आसपास राहायला हवे होते. ते मात्र तिसऱ्या हिश्श्याने घसरले होते. पाणी सगळ्यांना सारखेच पातळ करते. येथे दोन आकडे वेगवेगळ्या प्रमाणात उतरले होते. म्हणजे ‘फक्त पाणी’ ही कल्पना निगमनानेच बाद होत होती. मात्र कन्नड शिक्षकांनी लगेच योग्य शंका काढली: म्हैस आटली म्हणून दूध कमी पडले आणि ते भरून काढायला थोडे पाणीही घातले, असे का नसेल? एक कारण सापडले म्हणून दुसरे आपोआप सुटत नाही. ही शंका निघाली नसती तर आम्हीही संस्थेसारखेच पहिल्या पटणाऱ्या कारणावर थांबलो असतो, फक्त उलट बाजूने.

बादलीत लॅक्टोमीटर सोडला. दूध फेसाळ होते, तापमान ३६ अंश, डिग्री २४.५. दोन तासांनी फेस बसून दूध २७ अंशांवर आले, ज्या तापमानावर तो लॅक्टोमीटर बेतलेला होता, तेव्हा डिग्री २६.५ भरली. दूध कोमट असले की प्रसरणामुळे हलके होते, आणि ताज्या दुधात हवाही कोंडलेली असते. अक्कांचे घर संस्थेला लागून असल्यामुळे त्यांचे दूध काउंटरवर सर्वांत ताजे आणि गरम पोहोचत असे. दोन किलोमीटर चालत येणाऱ्या उत्पादकांचे वाटेत निवत असे. तापमानाची दुरुस्ती संस्थेत कोणी करत नव्हते. म्हणजे घसरणीतील काही भाग दुधाचा नव्हताच, मोजण्याच्या रीतीचा होता.

तरीही शुद्ध म्हणून डोळ्यांसमोर काढलेल्या दुधाची डिग्री २६.५ हीही कमीच होती. सार्वत्रिक विधान पडले होते, पण खरे कारण अजून हाती नव्हते. त्याच दिवशी दोन नमुने संघाकडे पाठवले, एक गोठ्यातला आणि एक आदल्या संध्याकाळी काउंटरवर घेऊन बर्फात ठेवलेला. साखर, मीठ आणि युरिया यांच्याही चाचण्या मागितल्या, कारण पाणी घालून वर मीठ किंवा साखर घातली तर गोठणबिंदू पुन्हा खाली आणता येतो आणि आमचे निगमन पोकळ ठरते. काउंटरच्या नमुन्याचा गोठणबिंदू उणे ०.५३५ आला, सहावा हिस्सा पाणी असते तर तो उणे ०.४५ च्या आसपास यायला हवा होता. भेसळीच्या चाचण्या निरंक आल्या. पाणी असते तर गोठणबिंदू शून्याकडे सरकला असता. तो सरकला नाही. म्हणून पाणी नव्हते. पहिल्या बैठकीतील तर्काशी हा तर्क वाचायला जवळजवळ सारखा आहे, पण त्याने उत्तरांग नाकारून पूर्वांग नाकारले, आणि हा आकार निर्दोष आहे.

मग डिग्री का उतरली? आता आम्ही अंदाजाचा तर्क मुद्दाम, त्याचे नाव घेऊन केला. शक्य कारणे लिहिली: एचएफ संकरित गाईचे दूध मुळातच पातळ, उन्हाळा आणि नुसते भाताचे पिंजर, हिरवा चारा नाही, आणि कासेचा छुपा दाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात. पर्यवेक्षकांनी प्रत्येक कारणापुढे ‘हे असेल तर आणखी काय दिसेल’ असा रकाना आखला. दगडी असेल तर सडागणिक फरक दिसेल. चारा किंवा जात कारण असेल तर चारही सड सारखे असतील. त्यांनी चारही सडांचे दूध चाचणीच्या ताटलीतील वेगवेगळ्या खळग्यांत घेऊन त्यात चाचणीचे द्रावण टाकले. तिघांत काही झाले नाही. मागच्या उजव्या सडाचे दूध दुसऱ्याच फिरवणीत लापशीसारखे घट्ट झाले. वरून त्या सडाला ना सूज होती ना गरमी.

यामुळे गोठणबिंदूचाही मेळ बसला. दाह झालेल्या कासेत दुधाची साखर कमी तयार होते आणि तिची जागा भरून काढायला रक्तातील क्षार दुधात झिरपतात. त्यामुळे घन पदार्थ घटून डिग्री उतरते, पण विरघळलेल्या कणांचा तोल राखला जाऊन गोठणबिंदू जवळजवळ जागेवर राहतो.

निष्पत्ती

गाईवर उपचार झाले आणि औषधाचा अंश दुधात उतरण्याच्या काळात तिचे दूध संस्थेने घेतले नाही. तीन आठवड्यांनी डिग्री २८.५ वर आणि एसएनएफ ८.२ वर आले. गाईच्या दुधासाठी ठरलेल्या ८.३ टक्के किमान प्रमाणापेक्षा ते किंचित कमीच आहे, आणि अक्कांना दर त्यानुसार कमीच मिळतो. चौकशीने त्यांचे दूध चांगले ठरवले नाही. त्यात पाणी नव्हते एवढेच ठरवले. रोखलेले बिल त्यांना मिळाले आणि चेअरमननी पुढच्या बैठकीत उभे राहून दिलगिरी व्यक्त केली, ती इतिवृत्तात नोंदली आहे.

नोंदवहीत एक बदल झाला. शेऱ्याच्या रकान्यात आता डोळ्यांना दिसलेले तेवढेच लिहायचे: ‘डिग्री २५, दूध गरम, फेस’. कारणासाठी शेजारी वेगळा रकाना आखला आहे आणि तपासणी होईपर्यंत तो कोरा ठेवायचा आहे. पुढच्या उन्हाळ्यात या रीतीने आणखी एका उत्पादकाची चौकशी झाली, तेव्हा गोठणबिंदू उणे ०.४६ आला. त्याच्या दुधात पाणी होते, आणि त्याने ते मान्य केले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी, अक्कांना विचारायला हवे होते. त्यांचे म्हणणे पुरावा म्हणून नव्हे, तर शक्य कारणांची यादी करण्यासाठी हवे होते. ज्याच्यावर संशय आहे त्याचे शब्द खरे मानावेत असे मी म्हणत नाही, पण गोठ्यात काय बदलले हे त्या गोठ्यात रोज बसणाऱ्यालाच आधी ठाऊक असते.

दुसरी चूक समितीची, आणि ती मला अधिक बोचते. गाईवर उपचार सुरू केले त्याच दिवशी पर्यवेक्षकांनी हिरवा चारा आणि खनिज मिश्रणही सुरू करायला सांगितले. गाईच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण त्यामुळे डिग्री २६.५ वरून २८.५ वर आली ती दगडी बरी झाल्याने की चारा सुधारल्याने, हे आम्ही सांगू शकत नाही. ‘उपचारानंतर सुधारले, म्हणून उपचारामुळे सुधारले’ असे अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी स्वतः लिहिले होते. कन्नड शिक्षकांनी ते खोडले. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४३ मध्ये मांडलेली व्यतिरेक पद्धत असे मागते की दोन स्थितींत एकच गोष्ट वेगळी असावी. ती आम्हाला औषध देण्याआधीच, एका पहाटेत, साधता आली असती: आजारी सडाचे आणि निरोगी सडांचे दूध वेगळे काढून दोन्हींची डिग्री घ्यायची. गाय तीच, चारा तोच, हवा तीच. फरक फक्त सडाचा. दोन भांडी आणि दहा मिनिटे लागली असती. आम्ही घट्ट झालेले दूध पाहिले आणि कारण सापडल्याच्या समाधानात ती दहा मिनिटे घालवली नाहीत.

तिसरी गोष्ट कागदाच्या कडेला लिहून ठेवलेल्या प्रश्नाची. चेअरमननी सांगितलेल्या तीन प्रकरणांत पाणी होते हे कसे ठरले होते, हे आम्ही अहवाल देऊन झाल्यावर, सवडीने विचारले. सचिवांनी जुन्या वह्या काढल्या. तिन्ही ठिकाणी पुरावा एकच होता: शेऱ्याच्या रकान्यातील लाल शाईतला तोच शब्द. गोठणबिंदू कोणाचाच पाहिला नव्हता, धार कोणाचीच समोर काढली नव्हती. ज्या विगमनाच्या बळावर अक्कांवर संशय घेतला गेला त्याची तिन्ही उदाहरणे अक्कांना लावलेल्या सदोष तर्कानेच बनवलेली होती. हा प्रश्न पहिल्याच दिवशी बैठकीत विचारला असता तर चौकशीआधीच निम्मा संशय विरला असता. त्या तिघांच्या दुधात पाणी होते की नव्हते, हे आता ठरवता येणार नाही. ते दूध उरलेले नाही. संस्थेने तिघांनाही पुन्हा दूध घालण्यास बोलावले. दोघे आले. तिसऱ्याने दूध बंद झाल्यावर दोन्ही म्हशी विकल्या होत्या आणि तो बेळगावात फाउंड्रीत कामाला लागला होता. त्याच्या घरी निरोप त्याच्या आईने घेतला.